पोटात साबण नसतो

९ जानेवारी

ठोकळ्या,

तुला या नावाने हाक मारणारं आता एकच माणूस उरलं, आणि ते तुझ्याशी बोलत नाही. म्हणून लिहिते.

आपल्या मधल्या बहिणीला, मधलीला, स्मशानात पोचवून आल्यावर तू दाराशी बूट घालत होतास. मामांनी तुला विचारलं, इतकी वर्षं बंद असलेल्या फिट अचानक परत कशा सुरू झाल्या. तू लेस बांधता बांधता म्हणालास, "गोळ्या चुकवल्या असतील." ताई आत चहाकडे असेल असं तुला वाटलं. मी दाराआडच उभी होते.

डॉक्टरांचं आधीपासून तेच म्हणणं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिकेने तेच लिहून वर पाठवलं, कारण चित्रकलेची बाई मुलांच्या रांगेपुढे जिन्यात कोसळून गेली तर शाळेला काहीतरी लिहावंच लागतं. आणि आता जो त्या गोळ्या करतो त्या सख्ख्या भावानेही म्हटल्यावर शिक्का बसला. बाई बेफिकीर होती. स्वतःच्या कर्माने गेली.

तर ऐक. पहिली फिट परत आली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, लक्ष ठेवा, अशी माणसं बरं वाटलं की औषध सोडतात. मी लक्ष ठेवलं. सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे. पाणी पिऊन झालं की म्हणायचे, जीभ वर कर. केस पिकलेली बाई, शाळाभर जिचा दरारा, ती लहान मुलासारखा आ करून मला तोंड दाखवायची. एकदा म्हणाली, "ताई, आता दात पण मोजून घे, एखादा विकला असेन मी." मला हसू आलं नाही तेव्हा.

त्यामुळे मला शंका नाही. तिने एकही गोळी चुकवलेली नाही. तुमच्या कारखान्याच्या फाटकापुढच्या सभेत मी तुला मालकाचा पोपट म्हटलं, तेव्हापासून तू माझं तोंड पाहत नाहीस. ते मी मागे घेत नाही. पण हे भांडण वेगळं आहे. तू मामांना आणि मुख्याध्यापिकेला एवढंच लिही की ती औषध नीट घेत होती. बाकी काही मागत नाही.

ताई

२७ जानेवारी

ठोकळ्या,

तुझं उत्तर मिळालं. कारखान्याच्या छापील कागदावर, टाइप केलेलं. गोळ्या सर्व चाचण्यांना उतरलेल्या आहेत आणि कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आम्ही म्हणजे कोण रे? तू आणि मालक? की तू आणि तुझा टाइपरायटर?

तुला आठवत नसेल, मला आठवतं. हे औषध तुझ्या हाती आलं त्या वर्षी तू घरी आला होतास. आपलं तेव्हा बोलणं होतं. जेवणाच्या टेबलावर तू मधलीला समजावत होतास की तिचं औषध पाण्यात विरघळायलाच तयार नसतं. त्याचे कण एकमेकांचे हात धरून, ओळी लावून, इतके घट्ट बसतात की पाण्याला शिरायला फट मिळत नाही. पोटात गेलं तर वाळूसारखं आत जातं आणि वाळूसारखंच बाहेर पडतं. म्हणून त्याला एका विरघळणाऱ्या पदार्थाबरोबर वितळवायचं आणि झटकन गार करायचं. इतकं झटकन, की त्या कणांना आपापले भाऊबंद शोधून पुन्हा ओळ लावायला सवडच मिळू नये. मग परक्यांच्या गर्दीत एकेकटे अडकलेले ते कण पाणी लागलं की सुटतात आणि रक्तात जातात.

मधली म्हणाली, आपल्या नातेवाइकांवर हा प्रयोग कर, निदान लग्नकार्यात तरी सुटे सुटे बसतील. तू इतका हसलास की पाणी नाकातून आलं.

मी मात्र विचारलं होतं, कारण मला विचारायची खोड आहे: एवढा खटाटोप कशाला, दोन्ही पावडरी नुसत्या एकत्र कालवल्या तर? तू एकदम गंभीर झालास. म्हणालास, "ताई, नुसतं कालवलं तर ते दोघं शेजारी बसतात, एकमेकांत जात नाहीत. वजन तेच, माल तोच, आणि पोटात वाळू."

हे मी आज लिहिते आहे कारण काल त्याच डॉक्टरांकडे गेले होते. माझं गुडघ्याचं दुखणं. बाहेरच्या बाकावर कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण बसली होती. तिची मुलगी कॉलेजात आहे, तिलाही फिट येतात, तिलाही तुझीच गोळी. पावसाळ्यानंतर तिच्याही परत सुरू झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, चुकवतेस का? मुलगी नाही म्हणाली. आईने घरी नेऊन तिला मारलं. बाकावर बसून मला सांगत होती, अभिमानाने नव्हे, पण कर्तव्य केल्यासारखं: "एवढी मोठी झाली तरी खोटं बोलते हो."

पावसाळ्यानंतर तुमच्याकडे काय बदललं? टाइप करू नकोस. हाताने लिही.

ताई

१४ फेब्रुवारी

मधलीचं कपाट आवरायला घेतलं. इतके दिवस हात लावला नव्हता. खालच्या खणात, सुकलेल्या रंगांच्या नळ्यांमागे एक पुडकं होतं. वरच्या कागदावर तिचं नाव आणि पत्ता. अक्षर तुझं. 'ट' ला अजून तशीच शेपूट काढतोस.

आत गोळ्यांच्या पट्ट्या, कित्येक महिने पुरतील एवढ्या. एकही फोडलेली नाही. चिठ्ठी नाही. टपालाचा शिक्का ऑक्टोबरचा.

मी त्या जमिनीवर मांडल्या.

आधी वाटलं, चला, म्हणजे याला बहिणीची आठवण होती. मग वाटलं, गोळ्या दुकानात मिळतात, मग या माणसाने पोस्टाने कशाला पाठवल्या? पट्टी उलटून पाहिली. कारखाना तोच, नाव तेच, रंग तोच. फक्त तारीख संपत आलेली. म्हणजे जुना माल.

तेव्हा मी तुझ्याकडून शिकलेलं शास्त्र वापरलं. कोमट पाण्याचे दोन पेले घेतले. एकात तुझ्या पुडक्यातली गोळी टाकली, दुसऱ्यात तिच्या उशाशी राहिलेल्या शेवटच्या पट्टीतली. दोन्ही फुटल्या. मी चमच्याने सारखंच ढवळत राहिले. तुझ्या गोळीचं पाणी धुरकट होत गेलं, सगळीकडे सारखं, खाली काही उरलं नाही. दुसऱ्या पेल्यात वरचं पाणी नितळ झालं आणि तळाशी पांढरी वाळू बसली. बोटाने चोळली. टोचली.

ती वाळू मी तिला सकाळ-संध्याकाळ गिळायला लावत होते आणि वर जीभ तपासत होते.

तुला ठाऊक होतं, ठोकळ्या. ऑक्टोबरातच ठाऊक होतं. चांगला माल बाजूला काढून तू एका घराला पाठवलास आणि बाकीच्या जगाला वाळू विकू दिलीस. आणि ज्या घराला पाठवलास तिथेही काही लिहिलं नाहीस, कारण लिहिलं असतं तर ते लिहिलेलं राहिलं असतं.

तिने त्या का घेतल्या नाहीत हे तुला कळायला हवं. ती पहिल्यांदा औषधावर आली तेव्हा तूच तिला बजावलं होतंस: तारीख संपत आलेली गोळी कधी घ्यायची नाही, कोणी फुकट दिली तरी नाही, मी दिली तरी नाही. बाकी कोणाचं ती ऐकत नसे. तुझं ऐकलं. आणि मला पुडकं दाखवलं नाही, कारण तुझं अक्षर पाहून मी ते खिडकीबाहेर फेकलं असतं हे तिला माहीत होतं. आपल्या दोघांत भांडण नको म्हणून तिने ते रंगांमागे सरकवलं.

यावेळी उत्तराची वाट पाहत नाही. औषध खात्याकडे तक्रार केली आहे.

ताई

२ मार्च

ठोकळ्या,

तक्रारीनंतर आपण फोनवर बोललो, तेव्हा जे बोलायचं राहिलं ते लिहिते.

तू म्हणालास, वितळवून दाबणाऱ्या यंत्राचा स्क्रू झिजला. नवा यायला वेळ होता आणि मालाची मागणी थांबत नव्हती. साहेब म्हणाले, तोवर कोरडंच कालवा, औषध तर तेवढंच आहे. तू म्हणालास, मी विरोध केला. किती वेळ केलास? चहा गार होईपर्यंत?

मग तू चाचणीचं सांगितलंस. मला वाटलं होतं तुम्ही चाचणी चुकवली असेल. तुम्ही तर ती रीतसर केलीत. फक्त ज्या पाण्यात गोळी विरघळवून पाहतात त्यात साबण घालतात म्हणे. थोडा सगळेच घालतात, नियमात बसतो, कारण असली औषधं नुसत्या पाण्यात मोजताही येत नाहीत. इथवर ठीक. पण तुमच्याकडे मंजूर झालेला साबण इतका सढळ आहे की त्यात वाळूदेखील विरघळते. हे तुला आधीपासून माहीत होतं. चांगल्या मालाला ती चाचणी काही करत नव्हती, म्हणून तू कधी बोलला नाहीस. वाईट माल आला तेव्हा तीच चाचणी ढाल झाली.

मी आयुष्यभर सभा गाजवल्या. मोठे मोठे शब्द वापरले, त्यातले काही आता आठवले तरी लाज वाटते. पण याहून खरं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं, ते फोनवर आपोआप तोंडातून निघालं: पोटात साबण नसतो.  

मग तू मला माझ्याच शब्दांत धरलंस. म्हणालास, "ताई, कारखाना बंद पडला तर ज्यांच्यासाठी तू फाटकावर घसा फोडलास ते सगळे रस्त्यावर येतील. त्यांना काय सांगशील?"

चांगला घाव घातलास. दोन दिवस मी आजारी असल्यासारखी पडून होते. युनियनचा सेक्रेटरीही येऊन गेला. खुर्चीच्या काठावर बसला आणि म्हणाला, ताई, तुमचं दुःख आम्हाला समजतं. ज्या वाक्याची सुरुवात अशी होते त्याचा शेवट मला पाठ आहे. मी त्याला विचारलं, तुमच्या घरी कोणाला फिट येतात? तो उठला.

माझं उत्तर हे. कामगाराचा घास मोलाचा आहे. पण तो दुसऱ्याच्या पोटात वाळू घालून टिकत असेल तर मी कोणत्या तोंडाने त्याची बाजू मांडू? आणि मी कारखाना बंद करा म्हणतच नाही. पट्टीच्या कडेला बॅचची जी खूण दाबलेली असते, त्यातल्या कोरड्या कालवलेल्या मालाच्या खुणा कोणत्या, तेवढं सांग. तेवढाच माल परत घेतला तरी पुरे. खात्याच्या सुनावणीत सांग, नाहीतर मला गुपचूप कळव. सही नको.

ताई

२२ मार्च

ठोकळ्या,

सुनावणीत काय झालं ते तुला सांगायला नको. तू समोरच होतास. पण माझ्या खुर्चीवरून काय दिसलं ते सांगते.

तू काचेचं भांडं आणलंस, त्यात फिरणारी दांडी. गोळी टाकलीस. सगळे माना लांब करून बघत होते. पाणी धुरकट झालं आणि अध्यक्षांनी समाधानाने चष्मा काढला. मी विचारलं, पाण्यात काय आहे? तू म्हणालास, माध्यम. मी म्हटलं, माध्यमात काय आहे? तू म्हणालास, पाणी आणि ओलावा वाढवणारा घटक. मी म्हटलं, साबण म्हण. मागच्या बाकांवर लोक हसले. तुझे कान लाल झाले. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे.

मग मी टेबलावरचा पिण्याच्या पाण्याचा पेला तुझ्यापुढे सरकवला. म्हटलं, यात टाक. तू गोळी चिमटीत धरलीस. पेल्याच्या वर नेलीस.  सभागृह काय करतंय याची मला पर्वा नव्हती, मी फक्त तुझी दोन बोटं बघत होते.

तू ती खिशात टाकलीस.

अध्यक्ष म्हणाले, चाचणी मंजूर पद्धतीनेच व्हायला हवी, पिण्याच्या पेल्यात नाही. माझे घरचे दोन पेले त्यांनी पाहिलेही नाहीत. म्हणाले, पट्ट्या घरातल्या, त्यातली एक मुदत संपलेली, कुठून आल्या त्याचा पुरावा नाही.

पुरावा होता. तुझ्या अक्षरातला तो कागद माझ्या पिशवीत होता, घडी घालून. माझा हात त्यावर होता. अध्यक्षांनी दोनदा विचारलं, बाई, या गोळ्या तुम्हाला कोणी दिल्या? सगळं भाषण तिथे संपलं. मी म्हणाले, बहिणीच्या कपाटात होत्या.

का, ते मला विचारू नकोस. मी मलाच विचारते आणि उत्तर आवडत नाही. तक्रार सिद्ध होत नाही असं त्यांनी लिहिलं. आणि पुढे, रुग्णाच्या औषध घेण्यात सातत्य नसावे. छापून आलं तेही.

तो कागद या पत्रासोबत तुला परत पाठवते आहे. आता माझ्या हाती तुझ्याविरुद्ध काही नाही. धाक दाखवून तुझ्याकडून खुणा काढून घ्यायच्या नाहीत मला. तुला सांगाव्याशा वाटल्या तर सांग.

ताई

१८ एप्रिल

ठोकळ्या,

तुझं पाकीट मिळालं. सही नाही, पत्र नाही, फक्त पट्ट्यांच्या कापलेल्या कडा. सगळ्यात वर मधलीच्या पट्टीची खूण ठेवली होतीस. ते योगायोगाने झालं असं मी धरत नाही.

तू इतके दिवस घेतलेस त्या काळात मी काय करत होते ते सांगते. आमच्या औषधवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसत होते. समोर स्टूल, त्यावर पेले, थर्मासमध्ये कोमट पाणी. तुमच्या गोळीची पट्टी कोणी घेतली की म्हणायचे, एक गोळी मला द्या, घरी न्यायच्या आधी बघू. ताईंचं डोकं फिरलं म्हणत कित्येक जण निघून गेले. औषधवाल्याने आधी हाकललं, मग स्वतःच एक पेला बघितला आणि दुसऱ्या दिवशी छत्री लावून दिली. हजारोंच्या सभेत बोललेली बाई मी, आता एकेका माणसाला पेल्याचा तळ दाखवत होते. फार थोडे पेले धुरकट झाले.

बेकरीवाली त्या पायरीवरून रोज जायची, थांबायची नाही. मी हाक मारली तर म्हणायची, आमच्या डॉक्टरांनी डोस वाढवलाय, आता ठीक होईल. वाढवलेली वाळू.

पाकीट मंगळवारी आलं. कडा घेऊन मी गावातल्या दुकानांतून फिरले, औषधवाल्यांनी माल बाजूला काढला. खात्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. तुझं नावही कुठे आलं नाही. मग बेकरीत गेले तर बंद. तिची मुलगी आदल्याच रविवारी भट्टीसमोर ट्रे काढत असताना फिट येऊन पडली होती. तोंड आणि उजवा हात भाजला.

इस्पितळात बाकावर तिची आई बसली होती. तिच्या पर्समध्ये पट्टी होती. मी कडा जुळवून पाहिली. जुळली. तिला समजावून सांगितलं, जेवढं सोपं करून सांगता आलं तेवढं. वितळवणं, कालवणं, साबण. तिने सगळं ऐकलं. पहिल्यांदा जे बोलली ते हे: "म्हणजे ती खोटं बोलत नव्हती?"

मी म्हटलं, नाही.

"मी मारलं तिला."

मी म्हटलं, मी जीभ वर करायला लावायचे.

तिने माझ्या हातातली कड घेऊन आपल्या पट्टीशी स्वतः जुळवून पाहिली. नर्स येऊन गेली. मग तिने विचारलं, "कोणी केलं हे? कोणाला तरी ठाऊक असेल ना?"

अध्यक्षांनी दोनदा विचारलं तेव्हा मला जमलं नव्हतं. तिने एकदाच विचारलं.

"माझ्या भावाने," मी म्हटलं. "त्याला ठाऊक होतं."

तिने तुझा पत्ता मागितला. मी दिला. हाताने लिहून, खाली माझं नाव घालून.

मुलीला घरी सोडलं की ती तुझ्याकडे येईल. एकटी येईल, आरडाओरडा करणाऱ्यांतली ती नाही. तिच्यासमोर माध्यम म्हणू नकोस, घटक म्हणू नकोस. दार उघड. बसायला दे. पाणी दे. आणि तिला सांग की तिच्या मुलीने एकही गोळी चुकवली नव्हती. हे वाक्य तुला एकदा म्हणता आलं, की मग मधलीसाठीही म्हण.

मी इथे ऐकायला आहे.

ताई